कुळथाचे पीठ आणि जयंतीचे वडील

मी एक जुनी द्रोणी आहे. मित्रांनो, द्रोणी म्हणजे माणूसभर लांबीचा, काठ असलेला लाकडी पाट. त्यावर झोपवून वैद्याकडे अंग चोळतात. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल का, कोण जाणे.

तंजावरच्या सुताराने मला कडुनिंबाच्या एका खोडातून कोरले. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या उपचारगृहात तेल पिऊन मी काळीभोर झाले. पूर्वी लोक माझी चकाकी वाखाणत. आता शेजारी रेक्झिनचे टेबल आले आहे. माझ्याकडे फक्त मेद वाढलेले लोक येतात. त्यांना तेल नाही, कुळथाचे कोरडे पीठ चोळतात, खालून वर, केसांच्या उलट.

ते काम मानाजीअण्णांचे. यंदा त्यांच्याकडे व्यंकटेश आले, गिंडीच्या कारखान्यातले फोरमन. त्यांच्या मुलीचे, जयंतीचे, यकृत निकामी होत होते. बापाच्या यकृताचा तुकडा तिला जुळत होता, पण त्या यकृतावर चरबी होती. ती उतरवायला डॉक्टरांनी सहा आठवडे दिले होते; त्याहून जास्त थांबणे जयंतीला झेपणारे नव्हते.

"अण्णा, जोरानं घासा."

"अरे, पिठानं अंग हलकं वाटतं. आतली चरबी मी हातानं कशी पुसू? ती चालून, कमी जेवून जाते."

"चालतोय की! भात सोडला. तरी काटा हलत नाही."

रोज व्यंकटेशांची बोटे माझा काठ आवळून धरत. पाचव्या आठवड्यात त्यांनी थोडे पीठ घरी मागून नेले. मग चार दिवस आलेच नाहीत.

आले तेव्हा त्यांनी सदरा काढला. पोट, कंबर सोलवटून लाल झाली होती. घरी ते दिवसातून तीनदा पीठ लावून काथ्याने घासत होते.

"अय्यो! काय केलंस रे हे? पोदुम, बस झालं!" अण्णांनी पिठाचे भांडे दूर सारले.

"वजन उतरलं, अण्णा. यकृत चालेल, डॉक्टर म्हणाले." ते माझ्या काठाला टेकले. "पण जखमा पिकल्यात. त्या भरेपर्यंत सुरी लावणार नाहीत."

"आणि पोरगी? तिला तेवढा वेळ आहे?"

व्यंकटेशांनी माझा काठ आवळून धरला.

अण्णांनी माझ्यावर केळीचे पान अंथरले आणि त्यांना हळूच निजवले.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला घासले की मी उजळते. माणसाचे अंग तसे नाही. ज्याच्यासाठी ते झिजवायचे, त्याच्यासाठीच आधी जपा.

त्यांच्या डोळ्यांतले दोन थेंब पानावरून ओघळून माझ्यावर आले. इतके तेल प्यालेल्या लाकडात पाणी मुरत नाही. ते तसेच राहिले.