मल्लव्वाच्या पायातली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. बोटाएवढी रुंद, सहा भोकांची. सोलापुरातल्या एका गल्लीत महादेवाचं छोटं देऊळ आहे, तिथल्या भिंतीवर मी खिळ्याला लटकलेली असते. नवखी माणसं मला दाराची बिजागरी समजतात. समजू देत बापडी! पण मी दाराची नाही, पायाची आहे.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. न गंजणारी म्हणून माझं फार कौतुक झालं. मग मी सोलापूरच्या एका दवाखान्यातल्या कपाटात येऊन पडले. ते १९७४ साल होतं.

एक दिवस बाहेर पावलं वाजली. एक टेकायचं, दुसरं फरपटायचं. बारा वर्षांची मल्लव्वा आईवडिलांबरोबर आली होती. लहानपणी चिंचेवरून पडून तिची नडगी मोडली होती. घरच्या घरी कामट्या बांधल्या आणि हाड वाकडंच जुळलं. तेव्हापासून गल्लीतली पोरं तिला 'ए लंगडी' अशीच हाक मारत.

"तेल चोळून हे सरळ होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हाड कापायचं, पाचरीसारखा तुकडा काढायचा, टोकं सरळ जुळवायची आणि पट्टी स्क्रूनं बसवायची."

वडील संगप्पा ताडकन उठले. "जुळल्यालं हाड परत मोडायचं? न्हाय साहेब. हाय त्ये बी जाईल!"

मल्लव्वा जागची हलली नाही. "आप्पा, असं काय हाय माझ्याजवळ जायला? मला सरळ चालायचं हाय."

संगप्पा खाली बसले. आई दानम्मानं तिथंच देवाला चांदीचा पाय वाहायचा नवस बोलला.

ऑपरेशन झालं आणि मी अंधारात गेले. हाडाचे दोन तुकडे घट्ट धरून राहायचं, एवढंच माझं काम. बोलायला कुणी नाही. बाहेरून प्लास्टर. हाड जुळण्याआधी पायावर भार पडला तर पट्टी वाकेल, पाय पुन्हा वाकडा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

संक्रांतीला सोलापूरची मोठी गड्ड्याची जत्रा आली. नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवत निघाल्या आणि सगळी गल्ली तिकडं धावली. मल्लव्वा खाटेवर एकटी राहिली. वाजंत्री जवळ आली तसा तिनं पाय खाली सोडला. माझा जीव टांगणीला लागला. ओरडावं तर मला आवाज कुठला? प्लास्टर जमिनीला टेकलं, आणि तिनं दोन्ही हातांनी पाय उचलून परत खाटेवर ठेवला.

"फुडल्या वर्षी जाऊ की," ती रडत म्हणाली. घरात तर कुणीच नव्हतं. ते मलाच म्हटलं, असं मी धरून चालले.

पुढल्या वर्षी आम्ही खरंच गेलो. तिच्या पायात राहून मी जत्रेची गर्दी ऐकली. तो माझा सर्वांत आनंदाचा दिवस.

मग डॉक्टर म्हणाले, हाड पक्कं झालं, आता पट्टी काढू. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दानम्मानं देवळात चांदीचा पाय वाहिला. मल्लव्वानं कागदाच्या पुडीतून मला काढून पुढं केलं. "हिलाबी लावा की. खरा पाय हिनंच सरळ केलाय." पुजारी ईश्वरप्पांनी घाईत मला अडकवलं ते उलटंच, भिंतीकडे तोंड करून. चांदीच्या पायाला लोक हात लावून नमस्कार करतात. माझ्यावर ईश्वरप्पांचा ओला पंचा वाळतो.

मल्लव्वा सुरुवातीला दर सोमवारी यायची. मग तिचं लग्न झालं, ती अक्कलकोटला गेली. मी रोज पावलं ऐकत राहिले. तिचं पाऊल तर मी झोपेतही ओळखीन, असं मला वाटे.

परवा दानम्मा पुजाऱ्यांना म्हणाली, "सकाळी मल्ली येऊन गेली. लेकरू घिऊन घाईत हुती."

येऊन गेली? सकाळी कितीतरी पावलं वाजली होती. सगळी सारखीच, सरळ. तिची कुठली, मला ओळखताच आली नाहीत. त्या दिवशी मला रडू आवरेना. पण मित्रांनो, तिचं पाऊल चारचौघींसारखं वाजावं, यासाठीच तर मी तिच्या पायात होते.

कुणी लंगडत असेल, तर त्याला त्याच्या नावानं हाक मारा आणि दवाखान्याची वाट दाखवा. आणि कधी या देवळात आलात, तर मला जरा पुसा, माझं तोंड दाराकडे फिरवा. मी कपाटात होते, मग तिच्या पायात, मग भिंतीकडे तोंड करून. मल्लव्वाला चालताना मी अजून एकदाही पाहिलेलं नाही.