कोपरे नसलेला दवाखाना

"मावशी, कोपऱ्यात दुखणं साठतं. वर्तुळ पवित्र. त्याला ना सुरुवात, ना शेवट," असं सांगून आर्किटेक्ट भाच्याने डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली बसायची खोली पार गोल करून टाकली. भिंतीलगत गोल बाक, मधोमध फरशीवर भलंमोठं कमळ.

पहिल्याच सकाळी पेशंट बाकावर गोलाकार बसले आणि रांगेचं डोकं कुठलं, शेपूट कुठलं, तेच कुणाला कळेना. "पहिली मी!" "डावीकडून धरा!" "का म्हणून? उजवीकडून!" बघता बघता प्रकरण कमळावर हातघाईला आलं. बाईंनी एकेकाचं ब्लडप्रेशर तपासलं, तर सगळ्यांचं चढलेलं. स्वतःचं तपासायचा त्यांना धीर झाला नाही.

"कुठे गेला तो दिवटा?" त्या कडाडल्या.

दिवटा तोंड लपवायला कोपरा शोधत केव्हाचा भिंतीच्या कडेने गोल गोल फिरत होता.