पिवळा कमी होत नाही

पद्मावतीचा चेहरा पिवळा छापून आला आणि दुपारच्या जेवणापर्यंत तो पिवळा घरातल्या दह्यात उतरला. त्रिशलानं वाटी उजेडात धरून पाहिली, बोट बुडवून चव घेतली. दही दह्यासारखंच लागत होतं.

"अण्णा, तुमची बोटं," ती म्हणाली.

अण्णांनी बोटं पाहिली. तीही पिवळी झाली होती. साबणानं जाणारा रंग नव्हता तो. रंग कशानं जातो आणि कशानं जात नाही, हे अण्णांना कुणी सांगायला नको होतं. शांतिनाथ चौगुले म्हणजे इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसमधले एकतीस वर्षांचे रंगमास्तर. व्यापारी चिंधीएवढा नमुना आणून द्यायचा आणि अण्णा हजार मीटर कापड त्याच रंगाचं काढून द्यायचे. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात फुटते, वेगळीच दिसते, म्हणून प्रत्येक नमुना दारात नेऊन बघायचे. त्यांच्या बायकोला, पद्मावतीला, जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार होतं. तिचा फोटो भिंतीवर लावायचा तर रंग आपणच जुळवू, असं म्हणून त्यांनी लेकीला प्रिंटर घरी आणायला लावला होता.

चांगला फोटो एकच होता, गच्चीवरचा, डाळिंबी साडीचा पदर पसरून धरलेला. ती डाळिंबी शेड अण्णांनीच काढलेली, नोकरीतली शेवटची. कागदावर साडी बरोबर उतरली होती, तसूभरही फरक नाही. चेहरा तेवढा पिवळा.

अण्णा कामाला लागले. स्क्रीन उजळ असली की फसवते, म्हणून आधी तिचा उजेड कमी केला. कागद चकचकीत होता आणि प्रिंटरला साधा सांगितलेला, ते दुरुस्त केलं. शाईची भोकं साफ करून घेतली, तपासणीचा कागद काढला. एकही रेघ तुटलेली नव्हती. मग स्क्रीनवरच्या पट्टीत पिवळा पाच घरं कमी करून छापलं आणि कागद दारात उन्हात धरला.

चेहरा पिवळाच होता. खिडकीचा पांढरा पडदा पिवळा झाला.

पिवळा दहा घरं कमी केला तेव्हा पलंगावरची चादर पिवळी झाली. वीस घरं कमी केला तेव्हा त्रिशलाच्या वहीची कोरी पानं. शेवटी अण्णांनी पिवळ्या शाईची डबीच काढून टेबलावर ठेवली आणि तशीच बटण दाबलं. प्रिंटरनं काही तक्रार केली नाही. चेहरा पिवळाच आला. आता तर डोळ्यांतलं पांढरंही पिवळं असल्याचं स्पष्ट दिसत होतं.

"माझा छापून बघा की," त्रिशला म्हणाली.

अण्णांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला, डबी जागेवर बसवली, छापला. त्रिशला होती तशी आली. सावळी, दमलेली, नाकाच्या शेंड्यावर घाम.

"मशीन बरोबर आहे, अण्णा."

"मग?"

तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "आई तेव्हा पिवळीच होती."

"कोण म्हणतं?"

"फोटो मार्चमधला आहे. आपण दवाखान्यात गेलो मे महिन्यात. डॉक्टर म्हणाले नव्हते का, कावीळ बरेच दिवस अंगात असणार म्हणून?"

"मला दिसली असती," अण्णा म्हणाले. "मला पिवळा दिसत नाही होय?"

त्रिशला उठली. आत जाऊन भात वाढून घेऊन आली. भात पिवळा होता. दोघांनी तो खाल्ला.

मार्चमध्ये पद्मावती एकदा म्हणाली होती, घास खाली उतरत नाही. अण्णांनी सांगितलं होतं, ऊन लागलंय, ताक घे. ती ताक प्याली होती. ते आता भात गिळताना अण्णांना आठवलं. रोज सकाळी चहाचा कप देताना तिचा चेहरा त्यांच्यापासून हातभर अंतरावर असायचा.

जेवण झाल्यावर त्यांनी गुलाबी वाढवला. बाई तुकतुकीत, टवटवीत छापून आली आणि ती पद्मावती नव्हती. कोण होती, हे दोघांनाही सांगता येईना. अण्णांनी तिला पालथी घातली.

मग त्यांनी कमी-जास्त केलेलं सगळं परत शून्यावर आणलं. पिवळा होता तिथं, गुलाबी होता तिथं. "असू दे," ते म्हणाले. "होती तशी येऊ दे."

कागद सरकू लागला. चेहरा आला, साडी आली, पण कागदाची कड आली नाही. निऱ्या आल्या, पावलं आली, गच्चीची फरशी आली. फरशीवर वाळत घातलेल्या मिरच्या एकेक करून आल्या. कागद टेबलावरून खाली उतरला, उंबरा ओलांडून जिन्याकडे गेला. त्रिशलानं त्याचं टोक उचलून धरलं, मळू नये म्हणून.

फरशी संपली आणि अण्णांच्या चपला आल्या. मग अण्णा आले, कॅमेरा धरलेले. त्यांच्या कातडीचा रंग अचूक होता. ते पदराकडे बघत होते.

"अजून आहे?" त्रिशलानं जिन्यातून विचारलं.

"आहे."

कागदावर पद्मावती पुन्हा आली. आता ती हातात पसरून धरलेला पदर सोडून पुढे आली होती आणि अण्णांच्या खांद्याशी उभी होती. तिचं तोंड उघडं होतं, शब्दाच्या मध्यावर असतं तसं. डोळे पिवळे. कॅमेरा धरलेले अण्णा अजून पदर होता त्या जागेकडेच बघत होते.

त्रिशला टोक हातात धरूनच वर आली आणि वाकून बघू लागली.

"आई काय म्हणते?"

"फोटो आहे तो," अण्णा म्हणाले. "ऐकू कसं येणार?"

प्रिंटर थांबला नव्हता. शाई ओली होती. अण्णांनी चष्मा काढून ठेवला, गुडघे टेकले आणि तिच्या तोंडावर कान लावला.