शुक्रवारची फुगलेली रेघ

मित्रांनो, रक्त किती वेळात आणि किती घट्ट गोठते, ते रेघ काढून सांगणारे मी एक जुने यंत्र आहे. माझ्या इवल्याशा वाटीत रक्ताचे थेंब पडले की आतली काडी डुलू लागते. रक्त गोठले की ती अडखळते आणि कागदावरची रेघ फुगते. उमेदीत माझे फार कौतुक झाले. आता मी चालू होताना कण्हते, म्हणून कोपऱ्यात असते.

मी स्वभावाने भित्रे. त्यात आमच्या डॉक्टरबाईंनी एक पूड आणली. विरघळली की ती कार्बन मोनॉक्साइड सोडते. होय, बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर जीव घेतो, तोच वायू! पण तो अगदी किंचित मिळाला, तर ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंमुळे गंजल्यासारख्या झिजणाऱ्या पेशी वाचतील, अशी बाईंना आशा होती. भीती एकच. रक्तात गुठळी झाली तर?

सोमवारी ती पूड पहिल्यांदा एका आजारी शिंपीणबाईंना मिळणार होती. रक्त देताना त्या म्हणाल्या, "टोचा बिनधास्त! तुमच्यापेक्षा जास्त सुया मीच टोचून घेतल्यात."

त्याआधी महिनाभर विरघळवलेली पूड रक्तात मिसळून माझ्या वाटीत तपासली जात होती, आणि माझी रेघ शहाण्यासारखी आली. बाई खूश. मला मात्र चैन पडेना. आमचे तंत्रज्ञ काका पडले टापटिपीचे. दिवसभराची पूड ते सकाळीच विरघळवत आणि बाटल्या ओळीने मांडून ठेवत. वायू तर दहा मिनिटांत उडून जाई!

शुक्रवारी एक बाटली सांडली. काकांनी घाईने नवी पूड विरघळवली आणि लगेच शिंपीणबाईंच्या रक्तात घातली. माझी रेघ भराभर फुगली.

"म्हातारं झालंय हो ते यंत्र," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोडून द्या ही रेघ."

काकांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, यंत्र बरोबर आहे. चुकलोय मी. महिनाभर वायू उडालेलं पाणीच घालत होतो."

पुन्हा ताजी पूड घेतली. पुन्हा रेघ फुगली. डॉक्टरबाईंचे तीन वर्षांचे कष्ट मातीमोल झाले होते. त्यांनी शिंपीणबाईंना फोन लावला. "ताई, सोमवारी येऊ नका. हे औषध तुम्हाला द्यायचं नाही."

काकांनी चूक गिळली असती तर? अजून माझा थरकाप होतो. मित्रांनो, आम्हाला पुसा, झाकून ठेवा. पण आम्ही नको ते उत्तर दिले, तर आधी पुन्हा तपासून पाहा. आम्हाला ओरडता येत नाही.