सुयशच्या नावाचं गाऱ्हाणं

आमच्या आखातातल्या, उम्म अल हस्समच्या घरात सकाळच्या चहाबरोबर देवाचं नाव नंतर, आधी बेसबॉल. मोबाइल डोळ्यांसमोर धरून वाचायची माझी सून मेधा आणि ऐकायची मी. अमेरिकेत रात्रीचा खेळ संपतो तेव्हा आमच्याकडे उजाडलेलं असतं. त्या टीमचे कोणी वेडे लोक रोज बसून लिहितात, आपल्या होतकरू पोरांनी काल काय दिवे लावले ते. त्या पोरांत माझा नातू सुयश.

हा खेळ मी माझ्यापुरता समजून घेतलाय. तिकडे एक मोठी टीम असते, टीव्हीवर दिसणारी. तिच्या खाली तिच्याच लहान टीमा, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पोरं खालून चढत जातात. सुयश खालून दुसऱ्या पायरीवर. त्याचं काम चेंडू टाकायचं. समोरच्याला तीनदा चकवला की तो बाद. चार चेंडू भलतीकडे गेले की समोरचा फुकटात पुढे. एवढं कळलं की बास. मी चौथी शिकलेली बाई, पण चूक कोणाची हे कळायला शाळा लागत नाही.

सुयश वाढला इथेच, इमारतीमागच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळत, लोकांच्या काचा फोडत. अमेरिकेला गेला तो बापासारखा इंजिनिअर व्हायला. कॉलेजातल्या कोचाने त्याचा हात बघितला आणि पुस्तकं राहिली बाजूला. माझा मुलगा चंद्रशेखर कपाळाला हात लावून बसला होता. मीच म्हटलं, "खेळांदे रे. आपल्या घराण्यातलो कोण अजून टीव्हीर दिसूक नाय."

झालं. त्या दिवसापासून मी जमिनीवरून चालायची बंद झाले.

खालच्या मजल्यावर हलिमा राहते, रत्नागिरीकडची. आमची मैत्री अशी, की एकमेकींची आमटी चाखल्याशिवाय जेवण जात नाही आणि एकमेकींना टोमणा मारल्याशिवाय ते पचत नाही. तिचा नातू आकिब इथे जवळच, जिदहफ्सला, गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. मी तिला तोंडावर म्हटलं होतं, "तुझो आकिब गाडये थंड करता, माझो सुयश अमेरिका गरम करता." ती हसली. मला वाटलं, जिंकले.

पोराचा दिवस वाईट गेला की माझाही जायचा. एकदा त्याने चौघांना फुकटात सोडलं. मेधा बिचारी ते हळूच वाचून पुढे सरकत होती. मी म्हटलं, "थांब, लाव त्याका फोन." पडद्यावर त्याचं तोंड दिसलं तसं सुनावलं, "चार जणांत माझी मान खाली घालूक लावलंस, तर ह्या दारात पाय ठेव नको." तो हसला. मीपण चहा घेतला आणि विसरले. मी दिवसभरात इतकं बोलते, सगळं लक्षात ठेवायचं तर डोकं फुटेल.

ऑगस्टात मात्र त्याचं नशीबच पालटलं. मेधा वाचायची, "आई, आज पाच जण बाद. एकही धाव दिली नाही." पुन्हा चार दिवस विश्रांती, आणि पुन्हा तसाच खेळ. मी शिरा केला, केळं घालून. ताटं भरभरून इमारतीत वाटली. हलिमाने ताट घेतलं, "माशाल्ला" म्हणाली आणि खाली बघत दार लावलं. मी मनात म्हटलं, जळली.

त्याच दिवसांत सुयशचे फोन तोंड न दाखवता यायला लागले. म्हणे तिकडे नेट बरोबर नाही. एकदा आम्ही बोलत असताना आमच्या खिडकीतून संध्याकाळची, मगरिबची बांग आली, आणि फोनातूनही आली, जराशी मागून. मी म्हटलं, "तुझो फोन खराब झालो. आमचाच आमका परत ऐकवता." तो म्हणाला, "हो आजी, खराब झालाय."

आणि एकदा हलिमा रिकामा डबा घेऊन वर आली. "रंभाबाय, आकिबच्या रूमवर पाव्हणा आलाय. नीट जेवत नाय. तुज्या हातचं बांगड्याचं तिखलं दे गो."

"तुझ्या हातचा खाल्ल्यान आसतला, म्हणान जेवणा नाय," मी म्हटलं आणि तिरफळं घालून झणझणीत तिखलं केलं. तिचा प्लास्टिकचा डबा बाजूला सारला आणि माझ्या स्टीलच्या डब्यातून दिलं. प्लास्टिकला वास राहतो.

मग गणपती आले.

आमच्या कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं, सगळ्यांसाठी मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यांनी होकार भरला तरच ते मागणं सगळ्यांचं होतं. आमच्या घरी हे काम माझ्या नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर चंद्रशेखरच्या जिभेला काही ते वळण येईना, म्हणून मीच घालते. बायकांनी घालायचं नसतं म्हणणारे एकदोघे होते. त्यांना मी प्रसाद दिला आणि गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मराठी मंडळाची माणसं दर्शनाला आली. जयेश आणि त्याची बायको रुपाली, बँकेतले, ऑफिसातले, खोली भरून गेली. हलिमा दारातल्या चपलांच्या कपाटापाशी उभी होती. ती दर वर्षी मोदकाला येते आणि सारण कमी म्हणून जाते. मी पदर खोचला, हात जोडले.

"बा देवा गणपती म्हाराजा, गावच्या रवळनाथा! आज तुझी लेकरां समुद्रापलीकडे तुझ्या पायाशी जमली आसत. त्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या नोकरीर, कोणाच्या व्हिसार काय बालंट येत आसात, तर ता वाटेतच मोडून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार सगळ्यात मोठा. व्हिसाला सगळेच भाविक.

मग मी खास सुयशसाठी आवाज चढवला. "आणि माझो नातू सुयश. त्याका वरच्या पायरीर चढव. त्याच्या आड जो कोण येत आसात, त्याचो हात ढिलो कर रे म्हाराजा!"

कोणी बोललं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा म्हटलं. एकदोन पुटपुटले आणि मध्येच थांबले. मी मान वळवून म्हणाले, "काय गो, तोंडात मोदक भरल्यात काय सगळ्यांनी?"

मेधाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आई, देवासमोर नाही हो म्हणवत मला."

"काय म्हणवत नाय?"

चंद्रशेखर समईची वात सारखी करत बसला, जी सारखीच होती. शेवटी माझी नात अनुष्का म्हणाली, "आजी, ही इज नॉट इन द टीम एनीमोर. दे लेट हिम गो."

एवढं इंग्रजी मला समजतं.

माझे हात जोडलेले तसेच राहिले. खाली घ्यावेत तर सगळे बघतील, वर ठेवावेत तर काय मागायचं? जयेश घाईने म्हणाला, "चला, आरती घेऊया," आणि टाळ वाजवायला लागला. सगळे देवाकडे बघून गात होते. इतकं लक्ष देऊन या लोकांनी आजवर देवाकडे कधी बघितलं नव्हतं. माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून चाललं होतं ते. तेव्हा मला कळलं, या खोलीत ज्याला माहीत नव्हतं असं माणूस एकच, आणि ते सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतं.

प्रसाद न वाटता मी स्वयंपाकघरात गेले. मेधा मागून आली.

"ते पाच जण बाद?" मी विचारलं.

"सुयशच्या जागी घेतलेल्या मुलाचे, आई. त्याचंच तुम्हाला सुयशचं म्हणून वाचत होते."

"म्हणजे शिरो मी त्याचो केलंय?"

तिने मान हलवली. कोणा परक्या पोराचा खेळ ऐकून मी इमारतभर ताटं फिरवली होती, आणि आता त्याच पोराचा हात ढिला कर म्हणून देवाला सांगून आले होते. मेधावर ओरडावं म्हणून तोंड उघडलं. पण तिच्या तोंडाकडे बघितलं तर ती ओरडा खायला तयार उभी होती, खांदे आवळून, अशी सवय झाल्यासारखी. माझं तोंड आपोआप मिटलं.

"पोर खंय आसा?"

उत्तर दारातून आलं. "जिदहफ्सला. आकिबच्या रूमवर." हलिमा उभी होती.

फोनातली ती मागून आलेली बांग. न जेवणारा तो पाव्हणा. सगळं एका झटक्यात जागेवर बसलं. अमेरिकेहून निघालेलं पोर आपल्या घराच्या इतक्या जवळ येऊन थांबलं होतं, माझ्या भीतीने.

"तुका कधीपासून म्हायत?" मी हलिमाला विचारलं.

"आकिब वाचतो ना रोज मोबाइलवर. पयल्या दिवसापासून."

"मगे माझो शिरो कसो गिळलंस?"

"साखर कमी होती. पण गिळला."

"बोललंस कित्याक नाय?"

"काय बोलू?" तिचा आवाज खाली आला. "तू ताट घेऊन दारात उभी, लहान पोरीसारखी खुश. माज्याच्यान नाय झालं गो, रंभाबाय."

ती जळत होती असं मी धरून चालले होते. जळली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यावर दया केली होती, आणि ते मला त्या भरल्या खोलीपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकिबच्या गाडीत बसून मी जिदहफ्सला गेले. हलिमा पुढे, मी मागे. गाडीचा एसी खरोखरच छान थंड होता. ते आकिबला सांगावं असं वाटलं, पण सांगायचं तोंड राहिलं नव्हतं.

खोली गॅरेजच्या वर. दार सुयशनेच उघडलं. दाढी वाढलेली, अंगात आकिबचा शर्ट. मला बघून तो दोन पावलं मागे सरला. वाटेत मी काय काय बोलायचं ते जमवलं होतं. त्या मागे सरण्याने सगळं विरघळून गेलं. खिडकीत माझा स्टीलचा डबा धुऊन पालथा घातला होता. त्याच्यावर माझं नाव कोरलेलं आहे. म्हणजे जेवताना पोराला माहीत होतं, कोणाच्या हातचं खातोय ते.

"घराकडे कित्याक इलंस नाय?"

"तूच म्हणाली होतीस, आजी."

"मी दिवसभर कायबाय म्हणतंय. तितक्याच बरा लक्षात ठेवलंस?"

तो कॉटवर बसला. "मी वाईट खेळलो नाही गं. बाकीचे जास्त चांगले होते. तू वाचायचीस ना रोज?"

"माका खंय इंग्रजी वाचूक येता. तुझी आवस वाची होती."

"मला माहितेय ती काय वाचत होती," तो म्हणाला, आणि हसला थोडा. मग विचारलं, "संध्याकाळी लोक असतात ना आरतीला?"

"आसतत."

"मग मी विसर्जन झाल्यावर येतो. कोणी नसेल तेव्हा."

देव घरातून गेल्यावर हे पोर घरात येणार. मान खाली घालायची ती माझी, आणि पोर लपणार? मी त्याचा उजवा हात धरला. त्याच्या बोटांना चेंडूने घट्टे पडले होते, आणि मी कधी ते विचारलंसुद्धा नव्हतं.

"आजच येवचा," मी म्हटलं. "आणि लोक असतानाच. माका एकटीक परत त्यांच्या समोर उभ्या रवाचा नाय."

संध्याकाळी मंडळाला मीच फोन करून बोलावलं. रुपालीने विचारलं, "काय विशेष, आजी?" मी म्हटलं, "कालचा गाऱ्हाणा चुकला. परत घालूचा आसा."

सगळे आले. सुयश चंद्रशेखरच्या पाठीमागे उभा राहिला. तो बापापेक्षा हातभर उंच, तेव्हा लपणार कुठे? लोकांच्या नजरा त्याच्यावरून माझ्याकडे, माझ्यावरून त्याच्याकडे. मी देवाकडे बघितलं नाही. काल सगळे तिकडेच बघत होते. मी लोकांकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! काल ह्या म्हातारेन भलताच मागल्यान. कोणाच्या तरी पोराचो हात ढिलो कर म्हटल्यान. ता गाऱ्हाणा तू कानाआड कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." अजून चाचपडतच.

"माझो नातू टीमीतून काढलो गेलो." हे शब्द बाहेर यायला वेळ लागला. "काढलो गेलो, आणि घराकडे इलो. त्याका ह्या घराचो उंबरो उंच वाटानासो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एक राहिलं होतं. कपाटापाशी हलिमा उभी होती, तिच्याकडे बघितलं तशी ती बोटाने म्हणाली, म्हण, म्हण.

"आणि ह्या म्हातारेची जीभ," मी म्हटलं, "जरा आवर रे म्हाराजा!"

असा होकार मी गावच्या देवळातही ऐकला नाही. तसबिरी हलल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी पाय आपटले. दरवाजातून हलिमाने "आमीन" म्हटलं ते अख्ख्या खोलीला ऐकू आलं. पण त्या सगळ्यांत मोठा आवाज एकीचाच होता. माझी सून मेधा, डोळे घट्ट मिटून, हात जोडून, घसा फाटेस्तोवर.

तिच्या शेजारी सुयश उभा होता. त्याचे ओठही हलले. मान वर करून सगळ्यांची तोंडं बघावीत असं मनात आलं, पण मी खालीच बघत राहिले, आणि तशीच मोदकाची परात उचलून पहिला मोदक हलिमाच्या हातावर ठेवला.

तिने तो मोडून बघितला. "सारण आज बरं भरलंस," म्हणाली.