राहिलेली शपथ

“ताई, चप्पल बदला ही. तिकडे असले नखरे चालायचे नाहीत,” जनार्दन मोहिते जरा करवादलाच.

कमाटीबागेच्या चढावर सुनेत्राताई साळवे पुन्हा खाली वाकल्या होत्या. पट्टा सोडायचा, लावायचा, परत सोडायचा. बाकीची मंडळी वर संग्रहालयापाशी पोचून शेंगा सोलत बसली होती आणि इकडे हा पट्टा काही लागत नव्हता. याआधी पुलावर त्या मगर बघायला थांबल्या होत्या. बडोद्यात जन्म घालवलेल्या बाईला विश्वामित्रीतल्या मगरीचं एवढं काय कौतुक, हे जनार्दनला तेव्हाच खटकलं होतं.

पवित्र भूमीची सहल निघायच्या आधी एका रविवारी तो सगळ्या प्रवाशांना असं बागेत चालवायचा. प्रभूच्या गावी जायचं तर आधी कमाटीबाग पास करावी लागते, अशी चर्चमधली पोरं चेष्टा करत. जनार्दन स्वतः बडोद्याच्या वाडी भागातला, मराठा. आजोबा सरकारच्या पागेत होते. नातू मात्र वीस वर्षं ख्रिस्ती कुटुंबांना यरुशलेम दाखवत होता. बायबल त्याने कधी उघडलं नव्हतं. पण बेथलेहेमला बस कुठे लागते, कफर्णहूमला संडास कुठे आहे आणि यार्देन नदीच्या पायऱ्यांवर कुठल्या बाजूला शेवाळ असतं, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. त्याच्या मते पवित्र भूमीत याहून महत्त्वाचं काही नव्हतं, आणि दोन दिवस चालून झाले की म्हाताऱ्या प्रवाशांचंही तेच मत होई.

चालवून बघायचा हा नियम कंपनीचा नव्हता, त्याचा होता. मालक हार्दिकभाईंचं म्हणणं, पैसे भरले ने, मग चालो. पण तिकडे लढाई लागली त्याआधीच्या शेवटच्या सहलीत आणंदकडचे एक आजोबा हॉटेलच्या जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. परक्या मुलखात माणूस मेलं की त्याचं सामान होतं, हे जनार्दनने तेव्हा पाहिलं. कागद, शिक्के, पेटी, पुन्हा कागद. आजोबांची बायको सगळा वेळ हॉटेलच्या खोलीत त्यांचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, अशी त्याने स्वतःशी गाठ बांधली होती.

“द्या, मी लावतो,” म्हणून तो वाकला, तर पट्ट्याला काहीच झालं नव्हतं. त्याने वर पाहिलं. सुनेत्राताईंची नजर चपलेवर नव्हतीच. त्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत होत्या. भास्करराव साळवे झाडांकडे बघत असल्यासारखं करत होते, पण छाती भात्यासारखी चालली होती आणि ओठांवर निळसर झाक होती. ती छाती जरा शांत झाली, तसा इकडे पट्टा लागला.

“चला,” ताई म्हणाल्या.

जनार्दनला कोण चालू शकत नाही ते कळलं. त्याला कळलं हे ताईंनाही कळलं.

परत येताना बँडस्टँडपाशी त्यांनी त्याला बाजूला घेतलं. “जनार्दनभाऊ, यांचं नाव यादीतून काढू नका. दोन वर्षांपूर्वी पैसे भरले तेव्हा हे पावागडचा डोंगर चढून आले होते. लढाई लागली, सहल राहिली. आता हृदय दमलंय म्हणतो डॉक्टर. पुढच्या वर्षाचं काही सांगत नाही.”

“मग ताई, असल्या माणसाला मी...”

“काना गावापर्यंत तरी. बाकी सगळीकडे बसमध्ये बसतील.”

काना म्हणजे जिथे प्रभूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला ते गाव. तिथल्या चर्चमध्ये नवरा-बायको आपली लग्नाची शपथ पुन्हा घेतात. जनार्दनने शेकडो जोडपी तिथे उभी केली होती. लाजणारी, रडणारी, रांगेतही भांडणारी.

“आमचं लग्न रेल्वेच्या संपात झालं,” ताई सांगू लागल्या. “हे प्रतापनगरच्या कारखान्यात. संपवाल्यांना पोलीस उचलत होते. चर्चमध्ये यांची शपथ झाली, माझी सुरू व्हायची, तोच कुणीतरी ओरडलं, आले! हे खिडकीतून पळाले. पाळकांनी मागून आशीर्वाद दिला, वहीत लिहिलं, झालं लग्न. माझी शपथ राहिली ती राहिलीच. हे अजून चिडवतात, तू मला काही वचन दिलेलं नाहीस, भाकरी करतेस ती मेहेरबानी.” त्या हसल्या आणि हसतानाच त्यांचे डोळे भरले. “एवढं एक मला यांच्यासमोर उभं राहून बोलायचंय. सावकाश, सगळं.”

जनार्दन त्या रात्री झोपला नाही. दुसऱ्या दिवशी तो बडोद्यातल्याच अकोट्याला साळव्यांच्या घरी गेला आणि नाही म्हणून सांगून आला. भास्कररावांनी ते ज्या शांतपणे ऐकलं, त्याने त्याला जास्तच वाईट वाटलं.

“सिग्नल पडला नाही तर गाडी उभी राहते, मोहिते. त्यात तुमचा काय दोष?” ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. “पण तू जायचं.”

“वेड लागलंय का? मी एकटी जाऊन काय करू?”

“माझ्या वाटचं यार्देनमध्ये पाय बुडव. आणि कान्याला मला व्हिडिओ कॉल लाव. अवंती धरेल फोन. मी इथून ऐकतो. कोट घालून बसतो हवं तर.”

सून अवंती चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, “हो मम्मी, मी धरते. मस्त मोठ्या टीव्हीवर लावून देऊ.” मुलगा कुणाल वाघोडियाच्या कारखान्यातून नुकताच आला होता. तो जनार्दनला फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, “बरं केलं काका. पप्पांना तिकडे काही झालं असतं तर आम्ही काय केलं असतं?”

हे वाक्य जनार्दनने पुढे कितीतरी दिवस जपून ठेवलं. मनाला चटका बसला की तो ते काढून बघे.

सुनेत्राताई निघाल्या त्या नाखुशीनेच. पण सहलीत त्या कुणाला जड झाल्या नाहीत. दिवसाकाठी एकदा घरी फोन करत, काय पाहिलं ते सांगत, औषध घेतलं का विचारत. यार्देनमध्ये पाय बुडवून आल्यावर म्हणाल्या, “पाणी गार आहे म्हटलं, तर हे म्हणतात, मग मोजे घालून जायचं होतं.” सगळी बस हसली. जनार्दनलाही हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला, असंच त्याला वाटलं.

काना गावी जोडपी चर्चमध्ये रांगेने उभी राहिली. बडोद्याहून आलेले पाळकसाहेब एकेका जोडप्याकडून गुजरातीत शपथ म्हणवून घेत होते, “मरण जुदां करे त्यां सुधी,” म्हणजे मरण वेगळं करेपर्यंत. बायकांनी साड्या बदलल्या होत्या. ताईंनी मोतिया रंगाची नेसली होती आणि त्या रांगेच्या शेवटी हातात फोन घेऊन एकट्या उभ्या होत्या. घरी लावत होत्या. कुणी उचलत नव्हतं.

तेवढ्यात जनार्दनचा फोन वाजला. तो बाहेर अंगणात आला.

“काका,” कुणाल होता. आवाज ओळखू येत नव्हता. “पप्पा गेले. आत्ताच. कोट घालत होते. अवंतीला म्हणाले बटण लावून दे, आणि... काका, मम्मीला तिथे सांगू नका. तिला फक्त घरी आणा.”

जनार्दनने हो म्हटलं. अजून काय म्हणणार? 

तो आत आला तेव्हा ताईंची पाळी आली होती. त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. “भाऊ, लागतच नाही हो. तुमच्या फोनवरून बघा ना जरा. पाळकसाहेब, दोन मिनिटं थांबता?”

मागे केरळहून आलेला एक मोठा गट ताटकळत उभा होता. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. ताईंच्या चेहऱ्यावर पन्नास वर्षांमागची तीच घाई आणि तीच भीती उतरलेली जनार्दनला दिसली, आणि त्याच्या हातून ते झालं.

“लागलाय, ताई,” तो म्हणाला. “तिकडचा आवाज येत नाही, चित्रही येत नाही. पण त्यांना ऐकू जातंय. बोला तुम्ही.”

असं म्हणून त्याने आपला फोन त्यांच्यासमोर धरला. पडदा काळा होता. ताईंनी पदर सावरला, केसांवरून हात फिरवला आणि त्या काळ्या पडद्याकडे बघून, छापील मराठी शपथेतल्या ‘तुला’चं ‘तुम्हाला’ करत, सगळी शपथ सावकाश म्हटली. एकही शब्द गाळला नाही. म्हणून झाल्यावर जरा पुढे वाकून पुसलं, “ऐकलंत ना?” आणि उत्तर येणार नाही हे आठवून स्वतःशीच हसल्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. जनार्दनचा हात दुखत होता, तरी त्याला तो खाली घेता येईना.

संध्याकाळी त्याने सांगितलं की भास्कररावांची तब्येत जास्त बिघडली आहे, आपल्याला निघायला हवं. मंडळी पाळकसाहेबांच्या आणि तिथल्या गाइडच्या हवाली केली. हार्दिकभाई फोनवर भडकले, तर प्रथमच त्याने मालकाचा फोन मध्येच ठेवून दिला. विमानात ताई आधी खूप बोलल्या. हॉस्पिटलात नेलं असेल का, कुणालने रजा घेतली असेल का. मग हळूहळू कमी बोलल्या. अहमदाबादहून गाडी बडोद्याकडे निघाली, तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही. अकोट्याच्या गल्लीत वळल्यावर दारासमोरच्या खुर्च्या दिसल्या. त्या म्हणाल्या, “हं,” आणि स्वतःच दार उघडून खाली उतरल्या.

पेटी दिवाणखान्यात ठेवली होती. भास्कररावांच्या अंगात तोच कोट होता, आता सगळी बटणं लावलेली. मंडळी हलक्या आवाजात गीत म्हणत होती. प्रार्थना झाली. दफनभूमीत कबर तयार होती, ऊन वर चढत होतं, आणि झाकणाचे स्क्रू आवळायला आलेला माणूस दाराशी अदबीने उभा होता. ताई उशाशी खुर्चीवर बसल्या होत्या. रडल्या नव्हत्या. त्यांनी मान वर केली आणि गर्दीतून जनार्दनला हाक मारली.

“भाऊ, इकडे या.”

तो पुढे गेला. कुणाल तिथेच उभा होता.

“खरं सांगा मला. त्या दिवशी यांना ऐकू गेलं होतं?”

होतं, एवढंच म्हणायचं होतं. बाई सुखाने उरलेले दिवस काढतील, असं त्याचं मन सांगत होतं. फोन त्याच्या हातात होता, साक्षीदार दुसरा कुणी नव्हता, आणि कुणालची नजर अक्षरशः विनवत होती. पण ही बाई नवऱ्याची लाज झाकण्यासाठी चांगल्या चपलेचा पट्टा सोडत बसली होती. तिला आणखी एकदा फसवायला त्याची जीभ उचलेना.

“नाही, ताई,” तो म्हणाला. “त्याच्या थोडं आधीच ते गेले होते. कुणालचा फोन आला होता मला. मी खोटं बोललो. आणि त्यांना येऊ दिलं नाही, तेही मीच.”

खोलीतलं गीत थांबलं. कुणालने तोंड फिरवलं. जनार्दनला वाटलं, आता या आपल्याला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर बरं होईल.

ताईंनी पेटीकडे पाहिलं. “म्हणजे राहिलीच,” त्या म्हणाल्या. मग झाकण घेऊन पुढे आलेल्या माणसाला म्हणाल्या, “भाई, जरा थांबशील? मला थोडा वेळ लागेल.”

“निरांते, बा. सावकाश,” तो म्हणाला आणि झाकण भिंतीला टेकवून बाहेर गेला.

त्या उठल्या. कुणाल हात द्यायला सरसावला. त्यांनी तो घेतला नाही. पेटीच्या कडेला दोन्ही हात टेकवून त्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर वाकल्या आणि रोजच्या बोलण्याच्या आवाजात म्हणू लागल्या.

“मी सुनेत्रा, तुम्हाला, भास्कर यांना, पती म्हणून पत्करते. सुखात आणि दुःखात. संपत्तीत आणि गरिबीत. दुखण्यात आणि आरोग्यात...”

तिथे त्या थांबल्या. पुढचे शब्द खोलीतल्या सगळ्यांना पाठ होते. जनार्दनलाही होते; वीस वर्षं तो ते ऐकत आला होता. अंत्यविधीसाठी आलेल्या पाळकांना वाटलं त्या विसरल्या, म्हणून त्यांनी हळूच सुचवायला तोंड उघडलं. ताईंनी मान हलवून त्यांना नको म्हटलं. भास्कररावांच्या कोटाची कॉलर सारखी केली.

“मी तुम्हाला सोडणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.