हॅनाबाईचा पोवाडा

सिटी कौन्सिलसमोर पोवाडा म्हणायची कल्पना माझ्या बायकोची. माझी असती तर मी ती वेळीच आवरली असती.

आम्ही राहतो ते विलर्ड गाव टेक्सासमधल्या प्लेनोच्या उत्तरेला. सुहासिनीनं इथे डॉक्टर म्हणून उभी हयात बाळंतपणं केली. रिटायर झाली आणि तिला हॅना प्रिचर्ड भेटली, तीही गावाच्या जुन्या कबरस्तानात. दीडशे वर्षांपूर्वी टेनेसीहून बैलगाडीनं आलेली ही सुईण. वाटेत नवरा तापानं गेला, बरोबरचे लोक परत फिरले, पण ही इथेच राहिली. माळावर विहीर खणली, शाळेला आणि चौकाला स्वतःची जमीन दिली, घरोघरची बाळंतपणं केली. चौकात मात्र संस्थापकांचा जो दगड आहे त्यावर नावं फक्त चार, आणि चारही बाप्यांची.

"अहो, अख्खं गाव हिच्या हातांवर जन्मलं आणि हिचं नाव नाही?" सुहासिनी मला असं विचारायची की जणू तो दगड मीच कोरला होता.

तिनं पाचव्या नावासाठी अर्ज केला. विरोधाला उभे राहिले वेंडेल ग्रीअर. वय ऐंशीच्या पुढे, पणजोबा त्या चौघांपैकी एक. त्यांचं म्हणणं एकच: गावाच्या स्थापनेच्या कागदावर हॅनाची सही नाही, मग ती संस्थापक कशी? मुद्दा बिनतोड होता, म्हणून तर मला त्या माणसाचा राग यायचा.

मतदान मंगळवारी होतं. आधी बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं.

"भाषणं ऐकून त्यांचे कान किटलेत," सुहासिनी म्हणाली. "शूरांचं चरित्र सांगायची आपली रीत काय? पोवाडा!"

झालं. माझ्या हातात डफ आला. इथल्या मराठी मंडळातले चौघे 'जी जी रं जी' करायला मागे उभे. सून हिमानी ओळीओळीचं इंग्रजी करणार. घरी घड्याळ लावून तालमी केल्या, हॅनाबाई तीन मिनिटांत चपखल बसल्या. आम्ही खूश.

मंगळवारी सुहासिनी नऊवारी नेसून आणि फेटा बांधून माइकसमोर उभी राहिली तेव्हा सगळं सभागृह कान टवकारून बसलं. मी डफावर थाप मारली. तिनं डोळे मिटले, हात जोडले, आणि माझ्या काळजात धस्स झालं. नमन! तालमीत आम्ही नमन धरलंच नव्हतं. पण देवाचं नाव न घेता पोवाडा सुरू करेल ती सुहासिनी कसली!

*आधी वंदू गौरीनंदना,*
*मग शारदेच्या चरणा,*
*आई तुळजाभवानी, जी जी रं जी!*

"फर्स्ट, वी बो टू गणेशा," हिमानी शांतपणे म्हणाली. या पोरीचंही कौतुक करावं तेवढं थोडं. तिनं नमनातला एक शब्द सोडला नाही. मग गुरूंना वंदन झालं, आईवडिलांना झालं, विलर्डच्या मातीला झालं. मग जमलेल्या थोरामोठ्यांना, म्हणजे एकेका कौन्सिलरला नाव घेऊन. मेयरबाई तर लाजल्याच.

*ऐका हो आता ऐका, शूर हॅनाबाईची...*

टीं! टायमर वाजला. नमनाला घडाभर तेल म्हणतात, आमचं तर सगळं तेल नमनातच संपलं.

"थँक यू, डॉक्टर," मेयरबाई म्हणाल्या. "युअर टाइम इज अप."

सुहासिनी हात जोडलेल्या अवस्थेतच उभी राहिली. ऑपरेशन थिएटरमध्ये भल्याभल्यांना घाम फोडणारी माझी बायको शाळकरी मुलीसारखी त्या टायमरकडे बघत होती. मला इतकं वाईट वाटलं की डफ कुठे ठेवावा ते सुचेना.

पुढचा नंबर एका तरुण बाईंचा होता. कुत्र्यांच्या पार्कबद्दल तक्रार घेऊन आल्या होत्या. त्या जागेवरूनच ओरडल्या, "वेट! हॅनाचं पुढे काय झालं? माझी तीन मिनिटं यांना द्या!"

मेयरबाईंनी शेजारी बसलेल्या कौन्सिलच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं खांदे उडवले.

"अहो, वाजवा की!" सुहासिनी माझ्यावर खेकसली.

काय वाजवला म्हणून सांगू! तापल्या तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी माझी बोटं उडत होती.

*गाडीत धनी निजला कायमचा,*
*बैल थकले, रस्ता संपला,*
*ती म्हणे, इथंच मांडीन चूल, जी जी रं जी!*

आता हिमानीचाही आवाज चढला. विहीर खणली गेली, लांडगे पळाले, वादळात हॅनाबाई एका हाती कंदील धरून बाळंतिणीच्या दाराशी पोचल्या. तिसऱ्या कडव्याला पार्कवाल्या बाई 'जी जी रं जी' करायला लागल्या, चौथ्याला मागची अख्खी रांग. माझ्या अंगावर काटा आला होता. टीं वाजलं तेव्हा शाळेची जमीन देऊन झाली होती आणि लोक टाळ्या वाजवत उभे होते.

टाळ्या थांबल्या, कारण पुढचं नाव वेंडेल ग्रीअर होतं.

ते काठी टेकत माइकपाशी आले. खिशातून भाषणाचा कागद काढला, जरा वेळ पाहिला, आणि उलटा करून समोर ठेवला.

"त्या कागदावर तिची सही नाही, हे मी गेले तीन महिने सांगतोय," ते म्हणाले. "का नाही, ते मात्र कधी सांगितलं नाही. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे. सह्या आमच्याच पोर्चवर झाल्या. हॅना तेव्हा आतल्या खोलीत होती. माझी पणजी अडली होती आणि माझे आजोबा जन्माला येत होते. चौघांनी तिच्यासाठी थोडं थांबायचं ना! नाही थांबले."

मेयरबाईंनी मतदान पुकारायला तोंड उघडलं, पण त्याआधीच सुहासिनी पुढे झाली. फेटा कपाळावर घसरला होता, डोळे वाहत होते.

"आणि पणजी?" तिनं विचारलं. "ती वाचली का?"

"वाचली," वेंडेल म्हणाले. "पुढे अजून पाच मुलं झाली तिला. प्रत्येक वेळी हॅनाच आली."